स्टारबोर्ड आणि पोर्ट : जहाजाच्या दोन बाजूंच्या नावांमागचा इतिहास

शिडाच्या जहाजावर दहा-बारा खलाशी काम करत आहेत असे डोळ्यांपुढे आणा. कोणी पुढे तोंड करून दोर ओढतो आहे, कोणी मागे वळून शीड आवळतो आहे, एक जण डोलकाठीवर चढला आहे, तर दुसरा डेकवर ओणवा होऊन गाठ सोडवतो आहे. अशा वेळी कप्तानाने ‘उजवीकडचा दोर सोडा’ असे सांगितले, तर प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न येईल तो ‘कोणाची उजवीकडची बाजू?’ हा. पुढे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात ज्या बाजूला असतो, त्याच बाजूला मागे तोंड केलेल्या माणसाचा डावा हात असतो. जमिनीवर असा घोटाळा झाला तर फार तर माणूस चुकीच्या गल्लीत शिरेल. भर समुद्रात, जोराच्या वाऱ्यात, चुकीचा दोर सुटला तर शीड फाटते, डोलकाठी मोडते, माणसे पाण्यात पडतात.

म्हणून जहाजाच्या बाजूंना माणसाच्या हातांवरून नावे न देता स्वतंत्र नावे दिली गेली. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, म्हणजे नाळेकडे, तोंड करून उभे राहिल्यावर जी बाजू उजवीकडे येते ती ‘स्टारबोर्ड’ आणि जी डावीकडे येते ती ‘पोर्ट’. माणूस कोणत्याही दिशेला वळला तरी या बाजू बदलत नाहीत. भूगोलात नदीचा डावा तीर आणि उजवा तीर ठरवताना आपण हेच करतो. प्रवाह ज्या दिशेने वाहतो त्या दिशेने पाहायचे आणि तीर ठरवायचे, मग पाहणारा कुठल्याही काठावर उभा असो. जहाजाला स्वतःचे तोंड आहे आणि म्हणून स्वतःची उजवी-डावी आहे, एवढे लक्षात ठेवले की या दोन शब्दांचा अर्थ कळला. मात्र हे शब्द आले कुठून, त्यांतला एक मध्येच का बदलला, आणि अगदी विसाव्या शतकापर्यंत ‘स्टारबोर्ड’ असा हुकूम मिळाल्यावर जहाज डावीकडे का वळत असे, हा इतिहास तेवढा सरळ नाही.

‘स्टारबोर्ड’ या शब्दात ‘स्टार’ दिसतो म्हणून त्याचा ताऱ्यांशी संबंध असावा असे अनेकांना वाटते. तसा काहीही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘स्टेओरबोर्ड’ असा होता. त्यातील ‘स्टेओर’ म्हणजे जहाज हाकणे, वळवणे, आणि ‘बोर्ड’ म्हणजे जहाजाची बाजू. अर्थात ज्या बाजूने जहाज हाकले जाते ती बाजू. उत्तर युरोपातील त्या काळच्या जहाजांना आज दिसते तसे मागच्या टोकाला मधोमध बसवलेले सुकाणू नव्हते. एक मोठे, रुंद पात्याचे वल्हे जहाजाच्या मागच्या भागात, उजव्या अंगाला बांधलेले असे आणि तेच सुकाणूचे काम करी. बहुतेक माणसे उजव्या हाताने काम करतात, त्यामुळे असे जड वल्हे पेलायला उजवी बाजू सोयीची पडली, हे त्यामागचे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे.

हे वल्हे कसे होते याचा प्रत्यक्ष नमुना आजही टिकून आहे. नॉर्वेमध्ये १८८० साली गोकस्टाड येथे एका प्राचीन टेकाडाखाली नवव्या शतकाच्या अखेरीचे, सुमारे २३ मीटर लांबीचे एक व्हायकिंग जहाज सापडले. त्याच्या मागच्या उजव्या अंगाला हे सुकाणू-वल्हे आहे. जहाजाच्या बाहेरच्या अंगावर लाकडाचा एक उंचवटा ठोकलेला असून, त्यातून ओवलेल्या बंधाने वल्ह्याचा मधला भाग जहाजाशी जखडलेला असे आणि काठापाशी आणखी एक पट्टा त्याला धरून ठेवी. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवा दांडा बसवलेला असे. तो दांडा पुढे-मागे केला की वल्ह्याचे पाते स्वतःभोवती थोडेसे फिरे आणि पाण्याचा दाब एका बाजूने पडून जहाज वळे. एवढ्या साध्या रचनेवर माणसे खवळलेल्या उत्तर अटलांटिकमधून जात होती, हे मला आजही थक्क करते.

या शब्दाचा लेखी पुरावाही तितकाच जुना आहे आणि तो मोठा जिवंत आहे. इंग्लंडमधील वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्याकडे नवव्या शतकाच्या उत्तरार्धात ओटार नावाचा एक नॉर्वेजियन दर्यावर्दी आला आणि त्याने आपल्या उत्तरेकडच्या सफरीची हकीकत राजाला सांगितली. ती जुन्या इंग्रजीत लिहून ठेवली गेली. किनाऱ्याच्या कडेने उत्तरेकडे जात असताना तीन दिवस ओसाड जमीन ‘स्टेओरबोर्ड’ला आणि खुला समुद्र ‘बॅकबोर्ड’ला होता, असे त्यात म्हटले आहे. नॉर्वेचा नकाशा समोर ठेवून पाहा. पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे निघाल्यास जमीन उजवीकडे आणि समुद्र डावीकडे येतो. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या वाक्याचा अर्थ आजच्या नकाशावर तंतोतंत जुळतो, कारण त्या माणसाने दिशा सांगताना स्वतःचे हात प्रमाण मानले नाहीत, जहाज मानले.

याच हकीकतीत आलेला ‘बॅकबोर्ड’ हा डाव्या बाजूचा जुना शब्द. ‘बॅक’ म्हणजे पाठ. सुकाणूधारी उजव्या अंगाला वल्ह्याचा दांडा धरून उभा राही, तेव्हा त्याची पाठ डाव्या बाजूकडे होई, म्हणून ती पाठीकडची बाजू. ही जोडी युरोपातील बहुतेक दर्यावर्दी भाषांत पसरली आणि आजही टिकून आहे. जर्मन भाषेत ‘श्टॉयरबोर्ड’ आणि ‘बाकबोर्ड’, डच भाषेत ‘स्टूरबोर्ड’ आणि ‘बाकबोर्ड’, फ्रेंचमध्ये ‘त्रिबोर’ आणि ‘बाबोर’, स्पॅनिशमध्ये ‘एस्त्रिबोर’ आणि ‘बाबोर’. शब्दांचे उच्चार झिजले तरी सुकाणूची बाजू आणि पाठीची बाजू ही मूळ कल्पना सगळीकडे तीच आहे. भूमध्य समुद्रातील ग्रीक आणि रोमन जहाजांना मात्र दोन्ही अंगांना एकेक सुकाणू-वल्हे असे. तिथे ‘सुकाणूची बाजू’ म्हणून एक बाजू वेगळी काढण्याचे कारणच नव्हते, त्यामुळे ही नावे उत्तरेकडच्या जहाजांचीच देणगी आहे.

इंग्रजीने मात्र ‘बॅकबोर्ड’ टाकून दिला. चौदाव्या शतकातील इंग्रजी लेखनात डाव्या बाजूसाठी ‘लाडेबोर्ड’ असा शब्द दिसतो. ‘लाडे’ म्हणजे माल चढवणे, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात, आणि तो पटण्यासारखा आहे. उजव्या अंगाला खोलवर गेलेले सुकाणू-वल्हे असेल, तर ती बाजू धक्क्याला लावणे धोक्याचे. वल्हे दगडावर आपटेल किंवा धक्का आणि जहाज यांच्यात चेंगरून मोडेल. म्हणून जहाज नेहमी डावी बाजू धक्क्याकडे करून उभे राही आणि माल त्याच बाजूने चढे-उतरे. एका वल्ह्याने अशी दोन्ही बाजूंची नावे ठरवली. जिथे ते होते ती हाकण्याची बाजू आणि जिथे ते नव्हते ती मालाची बाजू.

पुढे ‘स्टारबोर्ड’ला जोड म्हणून बोलता बोलता ‘लाडेबोर्ड’चा ‘लारबोर्ड’ झाला, आणि इथेच अडचण उभी राहिली. ‘स्टारबोर्ड’ आणि ‘लारबोर्ड’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. शेवट एकच, मधला ‘आर’ एकच, फरक केवळ सुरुवातीच्या व्यंजनात. वारा सुटलेला असताना लांबून ओरडून सांगितलेल्या शब्दाची सुरुवातच आधी हरवते आणि शेपूट तेवढे कानावर पडते. म्हणजे ज्या दोन शब्दांत कधीही गल्लत होता कामा नये, तेच ऐकायला सर्वांत सारखे होऊन बसले.

खलाशांनी यावर उपाय आपल्या आपण शोधला होता. सुकाणूधाऱ्याला हुकूम देताना ‘लारबोर्ड’ऐवजी ‘पोर्ट’ म्हणण्याची पद्धत सतराव्या शतकात रूढ झालेली दिसते. ‘पोर्ट’ म्हणजे बंदर, आणि बंदराच्या धक्क्याकडची बाजू डावी; किंवा जहाजाच्या अंगातील माल घेण्याचे दार यालाही ‘पोर्ट’ म्हणत, त्यावरून ती दाराची बाजू. कोणताही अर्थ घेतला तरी आपण पुन्हा माल चढवण्याच्या बाजूलाच येतो. ‘पोर्ट’ हा शब्द आखूड, ठसक्याचा आणि ‘स्टारबोर्ड’शी कुठेही न जुळणारा आहे. तरीही दोन्ही शब्द बराच काळ शेजारी शेजारी नांदले. अखेर १८४४ साली ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाने ‘लारबोर्ड’ बंद करून सर्वत्र ‘पोर्ट’ वापरण्याचा हुकूम काढला, आणि १८४६ साली अमेरिकेचे नौदलमंत्री जॉर्ज बँक्रॉफ्ट यांनी तसाच आदेश दिला. व्यवहारातला एखादा शब्द सरकारी हुकमाने बदलण्याचे प्रयत्न पुष्कळदा फसतात. हा यशस्वी झाला, कारण खलाशांच्या तोंडी तो आधीच बसलेला होता.

‘पॉश’ या शब्दाबद्दलची एक लोकप्रिय कथा इथेच निकालात काढतो. इंग्लंडहून हिंदुस्थानात येताना श्रीमंत प्रवासी उन्हापासून दूर असलेल्या पोर्ट बाजूच्या खोल्या घेत आणि परतताना स्टारबोर्ड बाजूच्या. म्हणून ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘पॉश’ तयार झाला, असे सांगतात. कथा सुंदर आहे, पण तशी अक्षरे उमटवलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही आणि कोशकारांनी ही व्युत्पत्ती स्वीकारलेली नाही.

सुकाणू-वल्हे गेले तरी त्याने दिलेली नावे राहिली. मागच्या टोकाला मधोमध बसवलेले सुकाणू चीनमध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराच्या मातीच्या नौका-प्रतिकृतीवर दिसते. उत्तर युरोपात ते बाराव्या-तेराव्या शतकांत आले. त्यानंतर उजव्या बाजूला हाकण्याचे काही उरले नाही आणि जहाज कुठल्याही अंगाने धक्क्याला लागू लागले. पण तोपर्यंत हे शब्द नियमांचे शब्द होण्याच्या वाटेला लागले होते.

शिडाच्या जहाजांच्या बाबतीत वारा ज्या बाजूने येतो त्यावरून जहाजाची चाल ओळखली जाते. वारा उजव्या अंगाने येत असेल तर जहाज ‘स्टारबोर्ड टॅक’वर आहे असे म्हणतात, शीड तेव्हा डावीकडे फुगलेले असते. दोन शिडाची जहाजे समोरासमोर येऊन धडकेचा धोका असेल आणि त्यांना वारा वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल, तर ज्याला वारा पोर्ट बाजूने लागतो आहे त्याने वाट द्यायची, असा नियम आहे. एका क्षणात निर्णय व्हावा, वाद होऊ नये, म्हणून एक बाजू मानाची ठरवून टाकली आहे.

रात्रीसाठी या बाजूंना रंग दिले गेले. ब्रिटिश नौदल मुख्यालयाने १८४८ साली वाफेच्या जहाजांसाठी स्टारबोर्डला हिरवा, पोर्टला लाल आणि डोलकाठीवर पांढरा दिवा सक्तीचा केला. आज जगभर १९७२ चे, १९७७ पासून अंमलात आलेले, सागरी टक्कर प्रतिबंधक नियम लागू आहेत आणि रंग तेच आहेत. विमानांच्या पंखांच्या टोकांनाही हेच रंग असतात. बाजूचा प्रत्येक दिवा नाकासमोरच्या रेषेपासून त्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंतच दिसेल असा झाकलेला असतो. हा आकडा किती विचाराने ठरवला आहे ते अंधारातल्या एका प्रसंगावरून कळेल.

तुम्ही रात्री जहाजाच्या पुलावर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या उंच जागेवर, पहाऱ्याला आहात. उजव्या हाताला, दूर, एक लाल दिवा दिसतो आहे आणि त्याची दिशा काही बदलत नाही. म्हणजे दोन्ही जहाजे एकाच ठिकाणी येऊन भिडणार. लाल दिवा दिसतो याचा अर्थ समोरच्या जहाजाची पोर्ट बाजू तुमच्याकडे आहे, ते उजवीकडून डावीकडे तुमची वाट कापत जाते आहे. नियम असा की यंत्रावर चालणाऱ्या दोन जहाजांपैकी ज्याच्या स्टारबोर्ड बाजूला दुसरे आहे, त्याने बाजूला व्हायचे. म्हणजे वाट तुम्हीच द्यायची, आणि तुम्हाला दिसणारा दिवा लाल आहे. त्याच क्षणी दुसऱ्या जहाजावरच्या पहारेकऱ्याला तुमचा हिरवा दिवा दिसतो आहे, आणि त्याने आपला मार्ग आणि वेग कायम ठेवायचा आहे. दोघांनी एकमेकांशी एक शब्दही न बोलता दोघांना आपापले काम कळते. आणि लाल-हिरवे दोन्ही दिवे एकदम दिसले, तर जहाज थेट तुमच्यावर चालून येत आहे. यंत्रावरच्या जहाजांनी अशा वेळी आपापल्या स्टारबोर्डला वळायचे, म्हणजे ती पोर्ट बाजू पोर्ट बाजूकडे ठेवून सुखरूप निघून जातात.

आता राहिला सर्वांत चक्रावून टाकणारा भाग, सुकाणूच्या हुकमांचा. त्यासाठी एका लहान होडीत मागच्या बाजूला बसा आणि सुकाणूचा दांडा हातात घ्या. दांडा सुकाणूच्या डोक्यात बसवलेला असून पुढे, तुमच्याकडे आलेला असतो. तो उजवीकडे ढकला. सुकाणूचे पाण्यातले पाते खिळीभोवती फिरून डावीकडे जाते, डावीकडून वाहणारे पाणी त्यावर आदळते, होडीचा मागचा भाग उजवीकडे रेटला जातो आणि नाळ डावीकडे वळते. दांडा एका दिशेला, होडी दुसऱ्या दिशेला. हे हाताला सवयीने कळते, पण तोंडाने हुकूम द्यायचा असेल तर तो दांड्याच्या दिशेने द्यायचा की होडीच्या, हे ठरवावे लागते.

इंग्रज खलाशांनी दांड्याची दिशा निवडली. समोर सुकाणूधारी दांडा धरून बसलेला असताना त्याने हाताने काय करायचे ते सांगणे स्वाभाविकच होते. ‘स्टारबोर्ड’ म्हटले की दांडा उजवीकडे आणि जहाज डावीकडे. जहाजे मोठी झाली, दांडा डेकखाली गेला, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दोर-कप्प्यांनी दांड्याला जोडलेले चक्र आले. पुढे चक्र ज्या दिशेला फिरवावे त्याच दिशेला जहाज वळावे, अशी जोडणी सर्वत्र रूढ झाली. हुकूम मात्र जुनाच राहिला. म्हणजे अधिकारी ‘स्टारबोर्ड’ म्हणे, सुकाणूधारी चक्र डावीकडे फिरवी, जहाज डावीकडे वळे, आणि फक्त कोणाच्याही नजरेस न पडणारा तो दांडा उजवीकडे जाई. हुकमाचा शब्द ज्या वस्तूला धरून होता ती वस्तूच दृष्टीआड झाली होती.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिकवर हाच हुकूम दिला गेला. समोर हिमनग दिसताच पुलावरील अधिकारी विल्यम मर्डॉक यांनी ‘हार्ड अ स्टारबोर्ड’ असे सांगितले, सुकाणूधारी रॉबर्ट हिचेन्स यांनी चक्र पूर्ण फिरवले आणि जहाजाची नाळ पोर्टकडे, डावीकडे, वळू लागली. ती पुरेशी वळण्यापूर्वीच हिमनग जहाजाच्या स्टारबोर्ड बाजूला घासला. आजच्या वाचकाला हा हुकूम वाचून वाटते की मर्डॉक यांनी जहाज उजवीकडे वळवायला सांगितले आणि कुणीतरी चुकले. तसे नव्हते. त्या काळच्या रीतीप्रमाणे हुकूम डावीकडे वळण्याचाच होता आणि तो बरोबर पाळला गेला. दोन माणसांच्या धडकेआधीच्या क्षणांतल्या वागण्यावर केवळ एका शब्दाचा जुना अर्थ माहीत नसल्यामुळे ठपका ठेवला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

युरोपातील काही देशांनी हुकूम जहाजाच्या दिशेने देण्याची पद्धत आधीच स्वीकारली होती, त्यामुळे धोका आणखी वाढला. एका देशाचा वाटाड्या दुसऱ्या देशाच्या जहाजावर चढला आणि त्याने सवयीने ‘स्टारबोर्ड’ म्हटले, तर जहाज नेमके उलटे वळण्याची भीती होती. अमेरिकी नौदलाने १९१३ साली सुकाणूच्या हुकमांतून ‘स्टारबोर्ड’ आणि ‘पोर्ट’ हे दोन्ही शब्दच काढून टाकले आणि त्यांच्या जागी साधे ‘राइट’ आणि ‘लेफ्ट’ आणले. जहाजाच्या बाजूंची नावे मात्र तीच ठेवली. अखेर १९२९ साली लंडनमध्ये झालेल्या सागरी जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराने असे ठरवले की यापुढे हुकमातला शब्द जहाज ज्या दिशेला वळवायचे तीच दिशा सांगेल. ब्रिटनने १९३२ साली त्यासाठी कायदा केला. जन्मभर एका अर्थाने ऐकलेला शब्द एका ठरावीक दिवसापासून नेमक्या उलट्या अर्थाने ऐकायचा, तोही धडक टाळण्याच्या घाईत, हे त्या पिढीच्या सुकाणूधाऱ्यांना किती कठीण गेले असेल याचा विचार करून पाहावा.

आजच्या जहाजावर हे हुकूम आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या ठरावीक वाक्प्रयोगांत दिले जातात. अधिकारी म्हणतो, ‘स्टारबोर्ड टेन’. म्हणजे सुकाणू दहा अंश स्टारबोर्डला. सुकाणूधारी प्रथम तेच शब्द मोठ्याने परत उच्चारतो, मग चक्र उजवीकडे फिरवतो आणि सुकाणूचा कोन दाखवणाऱ्या समोरच्या तबकडीचा काटा उजवीकडे सरकत दहावर स्थिरावेपर्यंत त्यावर नजर ठेवतो. काटा पोचला की तो पुन्हा तसे सांगतो, आणि काही क्षणांनी जहाजाची नाळ क्षितिजावरून उजवीकडे सरकू लागते.